शिशाची दोरी आणि पाणबुड्याचा डोळा : हिंदी महासागरातील प्रवाळद्वीपांच्या संशोधनाचा इतिहास

१. प्रास्ताविक

उष्ण कटिबंधातील प्रवाळद्वीपांच्या अभ्यासाचे दोन कालखंड पाडण्याची प्रथा आहे. पहिला कालखंड पाण्यावरून पाहणाऱ्यांचा आणि दुसरा पाण्याखाली उतरून पाहणाऱ्यांचा. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग हे स्वयंपूर्ण श्वसनयंत्र सिद्ध केले, ही या दोहोंमधील सीमारेषा मानली जाते. तीपूर्वी केवळ तर्क होता आणि तीनंतर प्रत्यक्ष ज्ञान आले, असे या विभागणीत गृहीत धरलेले असते. परंतु हे गृहीत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. या विषयातील सर्वांत मोठा सिद्धांत पाण्यात न उतरलेल्या माणसाने मांडला आणि तो खराही ठरला. उलटपक्षी, पाणबुड्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे जुन्या प्रश्नांची उत्तरे मिळाली असेही झाले नाही. बदलले ते प्रश्नच. साधन बदलले की प्रश्न कसा बदलतो, आणि या बदलास झालेल्या विलंबाची कोणती किंमत द्यावी लागली, याचा विचार मुख्यत्वे हिंदी महासागरातील मालदीव व लक्षद्वीप या द्वीपसमूहांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मुंबईचे नौदल आणि डार्विनचा सिद्धांत

कंकणाकृती प्रवाळद्वीपास जगातील बहुतेक भाषांत आज 'ॲटॉल' म्हणतात. हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतील 'अतोळु' या शब्दापासून आला आहे. दिवेही ही मराठीप्रमाणेच आर्यभाषाकुळातील भाषा असून सिंहलीची ती निकटची भगिनी होय. १६०२ साली फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी मालदीवच्या खडकांवर जहाज फुटून तेथे अडकला आणि १६०७ पर्यंत तेथेच राहिला. त्याच्या प्रवासवृत्तात अशा तेरा वर्तुळांचे आणि प्रत्येक वर्तुळाभोवतीच्या दगडी बांधाचे वर्णन आले आहे. म्हणजे या भूरूपाचे वर्गीकरण व नामकरण द्वीपवासीयांनी युरोपीय विज्ञानाच्या कितीतरी आधी करून ठेवले होते. शास्त्रज्ञांनी ते उसने घेतले.

शास्त्रीय मोजणीचा आरंभ मात्र मुंबईहून झाला. मुंबई मरीन या नावाने प्रसिद्ध असलेल्या व १८३० साली इंडियन नेव्ही हे नाव मिळालेल्या कंपनी सरकारच्या नौदलातील रॉबर्ट मोर्स्बी याने १८३४ ते १८३६ या काळात 'बनारस' या जहाजावरून मालदीवची पाहणी केली. सुमारे बाराशे लहानमोठी बेटे, त्यांच्यामधील खाड्या आणि पाण्याखाली दडलेले खडक यांची नोंद शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने, एकेक वाव मोजून करण्यात आली. मोहिमेतील यंग व ख्रिस्तोफर हे दोन अधिकारी तेथील भाषा व चालीरीती समजून घेण्यासाठी माले येथे राहिले आणि तापाने जर्जर होऊन परतले. त्यांनी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या भौगोलिक संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. मोर्स्बीचे नकाशे इतके काटेकोर होते की पुढे शंभराहून अधिक वर्षे दर्यावर्दी त्यांवर विसंबून राहिले.

याच सुमारास, एप्रिल १८३६ मध्ये, चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर पोहोचला. प्रवाळभित्तीच्या उत्पत्तीविषयीची त्याची कल्पना दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतानाच, म्हणजे खरीखुरी प्रवाळभित्ती पाहण्यापूर्वीच, तयार झाली होती. कीलिंग येथे तिची परीक्षा झाली. कप्तान फिट्झरॉय याने भित्तीच्या बाहेर दोरी सोडली. दोरीच्या टोकाच्या शिशाला चरबी माखलेली असे, त्यामुळे तळाचा ठसा तिच्यावर उमटे. दहा वावांच्या आत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे येत आणि वाळूचा कणही चिकटत नसे. खोली वाढत जाई तसे ठसे विरळ होत आणि वाळू वाढे. फुटत्या लाटांपासून २,२०० यार्डांवर तर ७,२०० फूट लांबीच्या दोरीलाही तळ लागला नाही.

या अल्प पुराव्यावर डार्विनने जे अनुमान उभारले ते तर्कशास्त्राच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पोवळे उथळ पाण्यातच जगते. मग अथांग समुद्रातून उभ्या राहिलेल्या भिंतीचा पाया कोणी घातला? त्याचे उत्तर असे की पाया खचत गेला आणि पोवळी वर वाढत गेली. ज्वालामुखीय बेटाच्या कडेला प्रथम अनुतट भित्ती निर्माण होते. बेट खचू लागले की तिच्यात व किनाऱ्यात पाणी शिरून ती रोधक भित्ती होते. आणि बेट पूर्णपणे बुडाले की मध्ये खारकच्छ व भोवती कंकण एवढेच उरते. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवाळभित्तींवरील आपल्या ग्रंथात डार्विनने मोर्स्बीचे नकाशे व त्याने पुरविलेली माहिती यांचा भरपूर उपयोग केला आहे. जीवविज्ञानाच्या इतिहासातील या महत्त्वाच्या ग्रंथामागे मुंबईहून निघालेल्या खलाशांच्या दोऱ्या होत्या, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

३. वाद आणि छिद्रे

डार्विनचा सिद्धांत निर्विवाद राहिला नाही. 'चॅलेंजर' मोहिमेवरून (१८७२–७६) परतलेल्या जॉन मरे याने १८८० मध्ये असे प्रतिपादन केले की समुद्रतळावरील उंचवट्यांवर गाळ साचून ते वर येतात आणि त्यांवर पोवळी वाढतात. भूमी खचण्याची आवश्यकता नाही, आणि मधले खारकच्छ चुनखडी विरघळून तयार होते. अलेक्झांडर अगासी याने १९०१–०२ साली मालदीवची स्वतः पाहणी केली व तोही डार्विनच्या विरुद्ध पक्षास राहिला. त्यापूर्वी १८९९–१९०० मध्ये केंब्रिजचा स्टॅन्ली गार्डिनर लक्षद्वीप व मालदीव येथे आला होता. मिनिकॉयपासून दक्षिणेपर्यंत त्याने केलेल्या संग्रहावर १९०१ ते १९०६ या काळात जे दोन खंड प्रसिद्ध झाले ते या प्रदेशाच्या प्राणिजीवनाचा पहिला विस्तृत आधारग्रंथ होत. तोही केवळ भूमी खचण्यावर सारी भिस्त ठेवण्यास तयार नव्हता.

वादाचा निर्णय पाहून नव्हे, तर छिद्र पाडूनच होणार होता. एखाद्या धनिकाने प्रवाळद्वीपात खोल छिद्र पाडावे अशी इच्छा डार्विनने स्वतः अगासीस लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिकमधील फुनाफुटी बेटावर ते काम केले. छिद्र १,११४ फुटांपर्यंत गेले, तरी पायाचा खडक लागला नाही. दोन्ही पक्षांनी त्याच दगडांचा आपापल्या बाजूने अर्थ लावला. अखेर १९५२ साली एनिवेटॉक बेटावर चार हजार फुटांहून अधिक खोलीवर बेसॉल्ट खडक लागला आणि डार्विनचा मुख्य सिद्धांत सिद्ध झाला. ज्या बेटावर हे सत्य हाती लागले तेच बेट त्या काळात अण्वस्त्रांच्या चाचण्यांसाठी वापरले जात होते.

मालदीवच्या बाबतीत या कथेचा शेवट महाराष्ट्राशी येऊन भिडतो. १९८७ साली समुद्रतळावर घेतलेल्या छिद्रांतून मालदीव व चागोस यांच्या खालचा बेसॉल्ट वर आला. त्याचे वय अनुक्रमे सुमारे ५.७ कोटी व ४.९ कोटी वर्षे भरले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त केंद्रातून दख्खनच्या पठाराचा लाव्हा बाहेर पडला, त्याच केंद्रावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता हा बुडालेला डोंगर तयार झाला, आणि आज ते केंद्र रियुनियन बेटाखाली आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीचा काळा दगड आणि मालदीवच्या पांढऱ्या वाळूखालचा पाया यांची जननी एकच होय.

४. पाण्याखालची पहिली पावले

उपर्युक्त सर्व वादात एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. भित्ती कशी उभी राहिली हे सर्वांनी विचारले. तिच्यात कोण कसे जगते हे फारसे कोणी विचारले नाही. याचे कारण जिज्ञासेचा अभाव हे नसून साधनाचा अभाव हे होते. गार्डिनरसारख्या संशोधकाच्या हाती जे जाळे होते ते तळावरून ओढले जाई. त्यातून पोवळ्यांचे तुकडे, खेकडे, कवचे व मासे एकत्र वर येत. त्यांना नावे देता येत. परंतु कोणता प्राणी कोणाच्या शेजारी राहत होता, कोण कोणास खात होता, कोण कोणाच्या आश्रयाने होता, हे जाळे सांगू शकत नसे. पाण्याबाहेर काढताच पोवळ्याचे रंगही नाहीसे होत. संग्रहालयातील पांढरे पोवळे म्हणजे रिकामे घर. त्यातील कुटुंबाची वार्ता त्यावरून लागत नाही.

द्वीपवासीयांपाशी ती वार्ता काही अंशी होती. मालदीव व मिनिकॉय येथे गळ व काठीने कुपा मासा धरण्याची जुनी पद्धत आहे. तीसाठी लागणारे लहान जिवंत मासे प्रवाळभित्तीवरूनच पकडावे लागतात. कोणत्या खडकापाशी, कोणत्या ऋतूत, भरतीच्या कोणत्या वेळी कोणता मासा सापडतो हे ज्ञान त्यांच्या उपजीविकेचा पाया होता. मात्र ते लेखी नव्हते आणि संशोधकांनी ते क्वचितच विचारले.

संशोधक स्वतः पाण्यात उतरले ते शिरस्त्राण घालून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शिरस्त्राण व जहाजावरून नळीने हवा पुरविणारा पंप हे साहित्य सिद्ध झाले होते. परंतु ते बुडालेली जहाजे व बंदरांची बांधकामे यांसाठी वापरले जाई. जीवविज्ञानात त्याचा उपयोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात होऊ लागला. अमेरिकेतील विल्यम बीब याने १९२७ साली हैतीच्या किनाऱ्यावर शिरस्त्राण घालून प्रवाळभित्तीचे निरीक्षण केले. १९२८–२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स येथे ब्रिटिश मोहीम सुमारे वर्षभर राहिली आणि तिनेही हे साधन वापरले.

लो आइल्सच्या मोहिमेचे महत्त्व मात्र एका वेगळ्या नोंदीत आहे. पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा पोवळ्यास मिळतो. पोवळ्याचे रंगही बव्हंशी या शैवलांमुळेच असतात. १९२९ च्या उन्हाळ्यात भित्तीवरील पाणी फार तापले असता पोवळ्यांनी ही शैवले बाहेर टाकली व ती पांढरी पडली, असे यंग व निकोल्स यांनी १९३१ साली नमूद केले. शरीरक्रियेच्या अभ्यासातील एक लक्षणीय घटना एवढेच तिचे स्थान त्या वेळी होते. पुढे सत्तर वर्षांनी हीच घटना साऱ्या विषयाचा केंद्रबिंदू होणार आहे, हे कोणास ठाऊक असणे शक्य नव्हते.

५. मुक्त पाणबुड्या

शिरस्त्राणधारी माणूस तळावर उभा राहून, जड बुटांनी, नळीच्या लांबीएवढेच चालू शके. उभ्या कड्यासारखी भित्ती त्याला दुर्गमच होती. ॲक्वालंगने ही अडचण दूर केली. पाठीवरील नळकांड्यात दाबून भरलेली हवा, श्वास घेताच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाएवढ्याच दाबाने देणारी झडप, हे त्याचे मर्म. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे हवेचा दाब आपोआप जुळविला जाणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तथापि हे यंत्र एकट्याने पुरेसे नव्हते. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन एकदम वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि पंगुत्व किंवा मृत्यू ओढवतो. याचे कारण पोल बेर याने १८७८ साली दाखविले होते आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हाल्डेन याने १९०८ साली सिद्ध केली होती. यंत्र नवे होते. परंतु त्याचा सुरक्षित वापर जुन्या शास्त्रामुळे शक्य झाला.

या साधनाची संशोधनातील शक्यता प्रथम ओळखणाऱ्यांत ऑस्ट्रियाचा हान्स हास हा प्रमुख होय. त्याने आरंभी वापरलेले यंत्र शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे होते. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरत असल्याने ते उथळ पाण्यापुरतेच उपयोगी होते. 'झारिफा' या शिडाच्या जहाजावरून त्याने दोन मोठ्या मोहिमा केल्या. त्यांपैकी १९५७–५८ ची मोहीम तांबडा समुद्र, मालदीव व निकोबार या मार्गाने गेली. तीत इरेनॉइस आयब्ल-आयबेसफेल्ट हा प्राणिवर्तनाचा अभ्यासक व गेऑर्ग शेअर हा प्रवाळतज्ज्ञ सहभागी होते.

या मोहिमेच्या दोन शोधांवरून पाणबुड्याच्या डोळ्याचे वेगळेपण स्पष्ट होते. पहिला शोध वाळूत उभी बिळे करून राहणाऱ्या वाम जातीच्या माशांचा. प्रवाहातून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपीत ते शेकड्यांनी वाळूतून डोलत उभे असतात आणि छाया पडताच बिळात नाहीसे होतात. जाळे त्यांवरून गेले तरी एकही हाती लागत नाही. मालदीव व निकोबार येथील अशा माशांचे वर्णन १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांतील एका जातीस हासचे नाव देण्यात आले. दुसरा शोध वर्तनाचा. एक लहान मासा मोठ्या माशांच्या अंगावरील व कल्ल्यांतील परोपजीवी खातो, आणि मोठे मासे तोंड उघडून त्याच्यापुढे स्थिर राहतात. दुसरा एक मासा हुबेहूब त्याच रूपाचा व चालीचा असतो. तो या विश्वासाचा फायदा घेऊन जवळ जातो आणि मोठ्या माशाच्या अंगाचा लचका तोडतो. आयब्ल-आयबेसफेल्टने या सोंगाड्याविषयीची निरीक्षणे १९५९ साली प्रसिद्ध केली. बाटलीतील दोन मृत माशांवरून रूपातील साम्य कळले असते. सेवा, विश्वास आणि कपट ही कळली नसती.

याच दशकात जमैका येथे टॉमस गोरो याने पाणबुडीला प्रयोगशाळेची जोड दिली. किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून त्याने दाखविले की पोवळे प्रकाशात अंधारापेक्षा अधिक वेगाने चुना साठविते. डार्विनने चरबीवरील ठशांवरून जी उथळपणाची मर्यादा ओळखली होती तिचे कारण अशा रीतीने सापडले : भिंत बांधणारा प्राणी शैवलाच्या, आणि म्हणून सूर्याच्या, आश्रयाने काम करतो. गोरोने १९६४ साली एका वादळानंतर जमैकाच्या भित्तीवरील पोवळ्यांनी शैवले मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकल्याचीही नोंद केली. ही लो आइल्सनंतरची दुसरी सूचना होय.

६. भारतातील कार्य

भारतीय संशोधकांचा या कार्यातील वाटा लक्षणीय आहे. 'झारिफा'वर गोळा झालेल्या पोवळ्यांचा अभ्यास शेअर व भारताच्या मध्यवर्ती सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील सी. एस. गोपीनाथ पिल्लई यांनी संयुक्तपणे केला. निकोबारवरील त्यांचा अहवाल १९७४ मध्ये व मालदीववरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी जानेवारी १९६९ मध्ये रामेश्वरजवळील मंडपम येथे भारतीय सागरी जीवविज्ञान संघटनेने प्रवाळ व प्रवाळभित्ती यांवर परिसंवाद भरविला होता. पुढे वाढत गेलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती परिसंवादांच्या मालिकेतील हाच पहिला परिसंवाद म्हणून गणला जातो.

१९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची फलश्रुती म्हणून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे तिचे मुख्य केंद्र गोव्यात दोना पावला येथे आले. कोकणच्या गढूळ पाण्यात पोवळे नाही, असा सर्वसाधारण समज होता. १९७९ साली या संस्थेतील कासीम व वफर यांनी मालवणसह पश्चिम किनाऱ्यावरील अनेक ठिकाणी जिवंत पोवळे असल्याचे दाखवून दिले. मालवणच्या समुद्रास १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्यास कान्होजी आंग्रे यांच्यावरून आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा भर ओहोटीतही पाण्याखाली सुमारे वीस मीटर असतो, त्यामुळे तेथील पोवळ्यांची वसाहत पाणबुड्यावाचून कोणासही दिसणे शक्य नाही. ज्या आरमाराची सत्ता या पाण्यावर होती त्याच्या सरदाराचे नाव त्या पठारास मिळाले. परंतु त्याच्या खलाशांनी तेथे काय आहे ते कधीच पाहिले नव्हते.

७. उपसंहार

१९९८ च्या उन्हाळ्यात एल् निन्योच्या प्रभावाने हिंदी महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले आणि दीर्घकाळ तापलेले राहिले. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर सुमारे एक अंश वाढ काही आठवडे टिकली तरी शैवले पोवळ्यास सोडून जातात; ती परतली नाहीत तर पोवळे उपासमारीने मरते. मालदीव व लक्षद्वीप येथील उथळ भित्तींवरील बहुतांश पोवळी त्या वर्षी मेली. जगातील सुमारे १६ टक्के प्रवाळभित्तींची त्या एका घटनेत गंभीर हानी झाली असा अंदाज करण्यात आला. २०१० व २०१६ साली तीच आपत्ती पुन्हा आली आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन-घटना जाहीर करण्यात आली. लो आइल्स येथील १९२९ ची किरकोळ वाटलेली नोंद आता या विषयाचा मुख्य मजकूर झाली आहे.

येथे इतिहासाचा प्रश्न उभा राहतो. जे नष्ट झाले ते किती होते, हे कशावरून ठरवावयाचे? मोर्स्बीच्या नकाशात खोली आहे, जीवन नाही. गार्डिनरच्या खंडांत जातींची नावे आहेत. त्यांची दाटी, त्यांची शेजारसंगत नाही. प्रवाळभित्तीचे भरलेले घर जसेच्या तसे पाहून लिहून ठेवणाऱ्यांची परंपरा या महासागरात 'झारिफा'पासून, म्हणजे १९५७ पासून, धरली तर पहिल्या मोठ्या विनाशापर्यंत उणीपुरी चाळीस वर्षेच मिळतात. डार्विनच्या ग्रंथापासून शंभराहून अधिक वर्षे भिंतीच्या पायावर वाद झाला. भिंतीतील रहिवाशांची मोजदाद करण्यास त्या मानाने फारच थोडा अवधी मिळाला. म्हणूनच त्या चाळीस वर्षांतील संग्रह, छायाचित्रे, अहवाल आणि द्वीपवासी मच्छीमारांच्या आठवणी यांचे मोल आता केवळ जीवविज्ञानाचे राहिलेले नाही. ती इतिहासाची साधने झाली आहेत, आणि बखरी व कागदपत्रे यांच्याइतक्याच साक्षेपाने ती जमवावयास व तपासावयास हवीत.

शिशाची दोरी आणि पाणबुड्याचा डोळा ही परस्परांची प्रतिस्पर्धी साधने नव्हेत, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. दोरीने भूतकाळाची खोली सांगितली आणि डोळ्याने वर्तमानाचे वैभव दाखविले. कंकणद्वीप खचत असता पोवळे वर वाढत राहिले म्हणून भूमी उरली, हा डार्विनच्या सिद्धांताचा गाभा. बांधणारा जिवंत आहे तोवरच तो सिद्धांत लागू पडतो. आज समुद्राची पातळी वाढत असताना बांधणाराच मरू लागला आहे. आणि मालदीव व लक्षद्वीप येथील माणसांची घरे त्याच्याच बांधकामावर उभी आहेत.